प्रसिद्धिपत्रकाची जागा कोण घेणार?

येडशीला धुळे-सोलापूर महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता एकत्र येतात. येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा महामार्ग चौपदरी झाल्याने या गावाला रस्त्याचे मोल आणि रस्त्यासाठी द्यावी लागणारी किंमत या दोहोंचा परिचय आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यावयाची तर १९५६ च्या कायद्यानुसार अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका प्रादेशिक भाषेतील पत्रात, छापावा लागतो. हरकत घेण्यास अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून अवघे २१ दिवस मिळतात. राजपत्र शेतकऱ्याच्या घरी येत नाही. वृत्तपत्र निदान चहाच्या दुकानापर्यंत येते, हे व्यवहारज्ञान या तरतुदीमागे आहे.

कायदेशीर सूचना आणि जनसंपर्काचे प्रसिद्धिपत्रक या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. तथापि सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यापर्यंत जावे, हे तत्त्व दोहोंच्या मुळाशी आहे. आज याच तत्त्वासंबंधी शंका उपस्थित केली जात आहे. कार्यालयांना आणि कंपन्यांना स्वतःचे संकेतस्थळ आहे, स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, लिहिता येते. मग पत्रक काढून संपादकाच्या मर्जीवर कशाला विसंबावे, असा हा युक्तिवाद आहे. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. वृत्तपत्रात पत्रकाच्या चार ओळी येतात, अनुदिनीत संपूर्ण मजकूर राहतो. वर्षानंतरही तो सापडतो, आणि वाचकाला त्याखाली प्रश्न विचारता येतो.

परदेशात या प्रश्नाचा निर्णय बराच पुढे गेला आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाकडे अशी मागणी केली की, कंपनीची महत्त्वाची माहिती संकेतस्थळावर व अनुदिनीत प्रसिद्ध केली तरी ती जाहीर झाली असे धरावे. आयोगाने २००८ मध्ये संकेतस्थळांविषयी मार्गदर्शन केले आणि २०१३ मध्ये समाजमाध्यमांनाही वाट मोकळी केली. मात्र माहिती कोठे मिळेल हे गुंतवणूकदारांना अगोदर कळवलेले असले पाहिजे, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे मुभा माध्यमाला मिळाली. ऐकणाऱ्याला अंधारात ठेवण्यास मिळाली नाही. शिवाय हा निर्णय ज्यांच्यासाठी झाला ते गुंतवणूकदार दिवसभर पडद्यासमोर बसणारे होते.

मराठवाड्यातील शेतकरी त्या वर्गातला नव्हे. २०२० च्या खरिपात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके गेली. नुकसानीची खबर ७२ तासांत दिली नाही, या कारणास्तव लाखो शेतकऱ्यांचे पीकविम्याचे दावे अडले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश विमा कंपनीला दिला. योजनेच्या मार्गदर्शक सूचना संकेतस्थळावर होत्या. ७२ तासांची अट कोणी लपवून ठेवली नव्हती. परंतु प्रसिद्ध होणे निराळे आणि पोहोचणे निराळे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर माहितीला शोधण्याचा खर्च असतो. प्रसिद्धिपत्रकात तो खर्च सांगणारा उचलतो. संकेतस्थळावर मजकूर टाकून हात झटकले की तो ऐकणाऱ्याच्या माथी येतो. कार्यालयाची बचत हिशेबात दिसते. नागरिकाचा हुकलेला दिनांक कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे मेली. तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या वतीने आयव्ही ली यांनी पत्रकारांना लेखी निवेदन दिले. तेच आधुनिक प्रसिद्धिपत्रकांपैकी पहिले मानले जाते. ली यांनी पत्रकारांना अपघाताच्या जागी नेण्याचीही व्यवस्था केली होती, ही गोष्ट विसरता कामा नये. पत्रक म्हणजे परक्या माणसाच्या हाती दिलेला आपला शब्द. तो त्यावर प्रश्न विचारील, काट मारील, प्रतिपक्षाचे म्हणणे शेजारी छापील. अनुदिनीत लेखक, संपादक आणि प्रकाशक एकच. अडचणीची प्रतिक्रियाही तोच पुसू शकतो.

अर्थात वृत्तपत्रांनाही या निमित्ताने आरशात पाहणे भाग आहे. आलेले पत्रक काना-मात्राही न बदलता छापायचे असेल, तर मध्यस्थाची गरज काय, हा प्रश्न रास्तच ठरतो. परीक्षण हेच मध्यस्थाचे मोल आहे. ते सुटले की उरते ती टपालवाटपाची कामगिरी, आणि ती यंत्र अधिक स्वस्तात करते.

मार्ग शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करण्यास सांगितले आहे. सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा आणि इंटरनेट ही साधने तेथे शेजारी-शेजारी नोंदली आहेत. एकाने दुसऱ्याला हटवावे असे कोठेही म्हटलेले नाही. म्हणून संपूर्ण दस्तऐवज संकेतस्थळावर राहावा, त्याची वार्ता पत्रकाने वृत्तपत्रांकडे जावी, आणि जेथे मुदत व हक्क गुंतलेले आहेत तेथे ग्रामपंचायतीचा फलक, ग्रामसभा, प्रसंगी दवंडीसुद्धा, वापरावी. अनुदिनी हे उत्तम दप्तर आहे. पण दप्तर कितीही नीटनेटके असले तरी ते चालत जाऊन कोणाच्या दारावर थाप मारीत नाही.