जुना कॉम्प्युटर ‘रिसेट’ करताय? आधी हिशेब आणि मराठी फॉन्ट सांभाळा

पुणे : बटण दाबून चहा पिऊन आलं तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं, अशी गत जुन्या कॉम्प्युटरची होते. मग मशिन पिशवीत घालून पुण्यातल्या बुधवार पेठेची, तपकीर गल्लीची वाट धरली जाते. पण दर वेळी मशिन बिघडलेलंच असतं असं नाही. वर्षानुवर्षे भरलेले प्रोग्राम आणि व्हायरस यामुळं विंडोज जड झालेली असते. ती पुन्हा कोरी करायची सोय विंडोज १० आणि ११ मध्ये आतच दिलेली आहे. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

कुठं मिळेल?
विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी असं जावं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी. तिथं ‘रिसेट धिस पीसी’ दिसेल. विंडोज आत जातच नसेल, तर पासवर्डच्या स्क्रीनवर शिफ्ट बटण दाबून धरून रीस्टार्ट करावं. मग ‘ट्रबलशूट’मध्ये हाच पर्याय येतो.

पुढं दोन रस्ते आहेत. ‘कीप माय फाइल्स’ घेतलं तर फोटो, कागदपत्रं राहतात, पण वरून टाकलेले प्रोग्राम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेतलं तर सगळंच जातं.

नंतर ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’ असं विचारलं जातं. क्लाउडला ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘लोकल’ घ्या.

खरा घोळ इथं होतो
‘फाइल्स राहणार’ म्हणून बरेच जण निर्धास्त होतात. पण टॅलीचा किंवा दूध डेअरीचा हिशेब बऱ्याचदा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये असतो. तो आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना अंगठ्याचं मशिन, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं ड्रायव्हर पुन्हा टाकावं लागतं.

दुसरी गोष्ट मराठी फॉन्टची. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यावर गावोगावचे ठराव, दाखले, अर्ज टाइप झाले. त्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. रिसेटनंतर फॉन्ट गेला की तीच फाइल इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. तोच फॉन्ट परत टाकला की वाचता येते. म्हणून सॉफ्टवेअरची सीडी, लॉक आणि फॉन्ट आधी जपून ठेवा. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा. ते मोबाइलवरही तसंच दिसतं.

लायसन्सचं काय?
विंडोज अस्सल असेल तर डिजिटल लायसन्स त्या मशिनशीच जोडलेलं असतं. रिसेट झाल्यावर इंटरनेट जोडलं की ते बहुतेक वेळा आपोआप लागू होतं. चोरीची विंडोज रिसेट करून अस्सल होत नाही. ऑफिसचा खाते-पासवर्ड किंवा की आधी लिहून ठेवा.

लाइट बघून बसा
या कामाला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मध्येच लाइट गेली तर विंडोज अर्धवट राहून मशिन सुरूच न होण्याचा धोका असतो. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळा.

रिसेटनं काय होणार नाही
हार्डडिस्कच खराब असेल तर रिसेट करून उपयोग नाही. तिथं एसएसडी बसवणं बरं. विंडोज ७ मध्ये हे रिसेटचं बटण नाही. शिवाय विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि बऱ्याच जुन्या मशिनवर विंडोज ११ चढत नाही. अशा मशिनवर मुलांचा अभ्यास, इंटरनेट यासाठी लिनक्स मिंट फुकट टाकता येतं. टॅलीचं काम मात्र विंडोजवरच ठेवा.

विकताना किंवा जुनं घेताना
मशिन विकायचं असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. साधं डिलीट केलेलं आधार, पासबुकाचं स्कॅन परत काढता येतं. जुनं मशिन विकत आणलं असेल, तर पहिल्या दिवशीच असं रिसेट करा. बँकेचा व्यवहार त्यानंतरच.