“लिहून ठेव, शेठ!” : ओळखीचं हॉटेल उधारीत बुडू नये म्हणून दोघांनी काय सांभाळावं?

कळंब : सकाळची वेळ. नेरळला लोकल पकडायला निघालेली मंडळी, दूध घालून परतणारे, रिक्षावाले नाक्यावरच्या हॉटेलात टेकतात. ऑर्डर द्यायची गरज पडत नाही. एकाचा बिनसाखरेचा चहा तो बाकड्यावर बसायच्या आधीच गाळून तयार असतो. दुसऱ्यापुढे उसळ-पाव येतो, तिखट कमी. उठताना कोणी पैसे देतं, कोणी नुसतं म्हणतं, “लिहून ठेव, शेठ.” शेठ वही ओढतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत असं ओळखीचं हॉटेल बहुतेक मोठ्या गावांत सापडतं. चार टेबलं, एक गल्ला, मागे भटारखाना. पण अशी हॉटेलं बंद पडतात तेव्हा कारण बऱ्याचदा त्या वहीतच असतं. म्हणून हे गणित समजून घेऊ.

ओळखीचा फायदा कोणाला?

दोघांनाही. एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलमध्ये रोज नवं गिऱ्हाईक येतं, आधी पैसे भरतं, मग खातं आणि निघून जातं. गावातल्या हॉटेलात तीच पन्नास माणसं वर्षभर येतात. त्यामुळे मालकाला आदल्या रात्रीच अंदाज असतो, दूध किती घ्यायचं, वाटाणे किती भिजवायचे, भात किती टाकायचा. माल वाया कमी जातो. जाहिरातीचा खर्च नाही.

गिऱ्हाईकाला मिळते ती सोय. खिशात पैसे नसले तरी पोटाला मिळतं. ज्याला शुगर आहे, ज्याचा उपवास आहे, ज्याला मटण चालत नाही, ते सगळं तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही.

उधारी साचते कशी?

आपल्याकडे पैसा बारा महिने सारखा येत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो भात झोडून विकल्यावर. लावणीच्या दिवसांत खिसा रिकामा असतो. कंपनीत जाणाऱ्याचा पगार महिन्यातून एकदा. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हॉटेलवाल्याला मात्र दूधवाल्याचे, गॅसचे, कामगारांचे पैसे वेळच्या वेळी द्यावे लागतात. हे मधलं अंतर तो स्वतःच्या खिशातून भरून काढतो.

एक साधं गणित

समजा, रोज दहा माणसं प्रत्येकी ५० रुपयांचं उधारीवर खातात. दिवसाचे ५०० झाले, महिन्याचे १५,०००. एवढी रक्कम मालकाची कायम बाहेर अडकलेली. त्यातली दहातली एक उधारी बुडाली, तर १,५०० रुपये गेले. आता ५० रुपयांच्या प्लेटमागे खर्च जाऊन १० रुपये सुटतात असं धरा. ते १,५०० भरून काढायला त्याला १५० प्लेटी जास्तीच्या विकाव्या लागतात. “माझ्या दोनशे रुपयांनी काय होतंय?” असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून बघावा.

गिरणगावच्या खानावळी

हा प्रश्न जुना आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला गेलेले हजारो गिरणी कामगार खोलीत एकटे राहायचे आणि खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. बऱ्याच खानावळी बायका घरातच चालवायच्या. कामगाराचा पगार झाला की त्यांचे पैसे. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. या बायकांना बँक दारात उभी करत नसे. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. सावकाराचा फास सैल झाला तो त्यामुळे.

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला. ताटाचे पैसे ज्या पगारातून यायचे तो पगारच थांबला. गिऱ्हाईकाची कमाई बंद झाली की त्याला जेवू घालणाराही अडचणीत येतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

वहीला कायद्यात किंमत आहे का?

आहे, पण एकट्या वहीला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ नुसार, धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुरावा म्हणून पुढे करता येतात. मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर ठेवलेला हिशेबही त्यात येतो. मात्र फक्त त्या नोंदीवरून कोणाच्या अंगावर देणं लावता येत नाही. सोबत आणखी काही पुरावा हवा, जसं गिऱ्हाईकाची सही.

दुसरी गोष्ट मुदतीची. हॉटेलात दिलेल्या खाण्यापिण्याच्या पैशांसाठी दावा करायची मुदत तीन वर्षं आहे आणि ती पदार्थ दिला त्या दिवसापासून मोजतात. मुदत संपायच्या आत गिऱ्हाईकाने “एवढे देणं आहे” असं लिहून सही दिली, तर तिथून नवी तीन वर्षं धरतात.

अर्थात दोनशे-पाचशे रुपयांसाठी कोणी कोर्टात जात नाही. पण नोंद चोख असली तर भांडणच होत नाही.

मालकाने काय करावं?

– प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं पान ठेवा. तारीख, पदार्थ, रक्कम त्याच वेळी लिहा, रात्री आठवून नको.
– महिनाअखेर बेरीज दाखवून सही घ्या. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, पण सगळ्यांनाच हा नियम लावला की कोणाला राग येत नाही.
– उधारीची मर्यादा आधीच सांगा. ती ओलांडली की चारचौघांत नको, बाजूला घेऊन बोला.

गिऱ्हाईकाने काय करावं?

– खाल्लं तेव्हाच वहीत नजर टाका. स्वतःच्या मोबाईलमध्येही लिहून ठेवा.
– पगार झाला, भात विकलं की पहिलं देणं हॉटेलचं. सगळे जमत नसतील तर थोडे द्या. ऑनलाइन दिले तर दोघांकडेही नोंद राहते.
– पैसे नाहीत म्हणून वाट बदलून जाऊ नका. मालकाला बुडालेल्या पैशाइतकंच तुटलेलं गिऱ्हाईक लागतं. “पुढच्या महिन्यात देतो” एवढं तोंडावर सांगितलेलं चालतं.

गावात आता एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच आहेत. मुलं कल्याण-पनवेलला, नाहीतर पुण्याला. अशा बाबांची सकाळ हॉटेलातल्या चहाने सुरू होते. दोन दिवस बाबा दिसले नाहीत, तर हॉटेलातलंच कोणीतरी घरापर्यंत जाऊन बघून येतं. हे काम वहीत लिहिलं जात नाही आणि त्याचे पैसेही कोणी मागत नाही. हॉटेल चालू राहिलं तरच ते होणार. म्हणून या महिन्यात तुमच्या पानावर काही बाकी असेल, तर एवढं देऊन टाका.