प्रक्षेप म्हणजे काय?

‘प्रक्षेपण’ हा शब्द आता खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचला आहे. वर्गातील यंत्र भिंतीवर चित्र टाकते ते प्रक्षेपण. क्रिकेटचा सामना घरबसल्या दिसतो तेही प्रक्षेपण. श्रीहरिकोट्याहून उपग्रह सोडतात त्यालाही तेच नाव. जुन्या पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्यांना पंडित प्रक्षिप्त म्हणतात, ते याच धातूवरून. मूळ अर्थ फेकणे एवढाच. शास्त्रात मात्र ‘प्रक्षेप’ या शब्दास नेमका अर्थ आहे, आणि तो मुलांस समजावून देण्यास सावलीपासून प्रारंभ करणे बरे.

वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून ठरावीक दिशेने रेषा काढावी आणि ती समोरच्या पृष्ठभागास जेथे मिळेल तेथे खूण करावी. अशा सर्व खुणा मिळून होणारी आकृती म्हणजे त्या वस्तूचा प्रक्षेप. उन्हातील सावली हा त्याचा घरोघरचा नमुना होय. नाण्याची सपाट बाजू सूर्याकडे करून धरली, तर त्यामागे समोरासमोर धरलेल्या पाटीवर वर्तुळ उमटते. नाणे तिरपे केले तर लंबगोल. कडेने धरले की केवळ रेघ. नाणे तेच, सावल्या तीन. एकाच किरणाच्या वाटेत येणारे सर्व बिंदू सावलीत एका ठिकाणी पडतात. त्यांतील पुढचा कोणता व मागचा कोणता, हे सावली सांगू शकत नाही.

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंश ९ कला अक्षांशावर आहे. म्हणून येथे वर्षातून दोनदा, २६ मे व १७ जुलैच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्या क्षणी ओळंब्यात रोवलेली काठी चार हात लांब असो की वीतभर, तिची सावली बुंध्यातच नाहीशी होते; उंचीचा मागमूस राहत नाही. मेमध्ये शाळा बंद आणि जुलैत आभाळ भरलेले, हा विदर्भातील शिक्षकाचा योग! तरीही ढग फाटले तर हा प्रयोग चुकवू नये.

सूर्याचे किरण समांतर मानता येतात. दिव्याचे किरण फाकत जातात. म्हणूनच कंदिलाजवळ धरलेला हात भिंतीवर राक्षसाएवढा दिसतो आणि भिंतीला टेकवला की हाताएवढाच उरतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. अशा चित्रास लोक फोटो म्हणतात, परंतु वस्तुतः ती सावली असते. किरण शरीराच्या आरपार जातात. वाटेत लागणारे हाड, मांस, रक्त त्यांना कमी-अधिक अडवते आणि त्या सर्वांच्या छाया एकीवर एक पडतात. छातीचे चित्र घेताना रुग्णास छाती फिल्मकडे टेकवून उभे करतात व किरण पाठीकडून सुमारे सहा फुटांवरून सोडतात. हृदय छातीच्या पुढील भागात असल्याने ते फिल्मजवळ राहते आणि त्याची सावली फारशी फुगत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे चित्र पुढून घ्यावे लागते. मग तेच हृदय मोठे भासते. कंदिलाजवळच्या हाताचीच ही गोष्ट.

शिक्षकाशी याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो मुलाने काही गिळल्यावर. अशा मुलास नागपूरच्या ‘मेडिकल’ अथवा ‘मेयो’ रुग्णालयात नेले की डॉक्टर बहुधा समोरून एक आणि बाजूने एक अशी दोन चित्रे काढावयास सांगतात. दुसरे कशाला, असे पालकांस वाटते. परंतु अन्ननलिकेत अडकलेले नाणे समोरून गोल दिसते. त्यामागे दुसरे नाणे चिकटलेले असले तरी गोल एकच! बाजूच्या चित्रात दोन रेघा दिसल्या म्हणजे उलगडा होतो. याहून गंभीर प्रकार घड्याळातील वा खेळण्यातील चपट्या गोल सेलचा. समोरून तोही नाण्यासारखाच भासतो. त्याच्या काठाशी दुहेरी कडे आणि बाजूच्या चित्रात कडेला पायरी दिसते, त्यावरून तो ओळखतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते, तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. तेव्हा उलटी करविण्याचा प्रयत्न न करता मुलास तत्काळ रुग्णालयात हलवावे, सायंकाळच्या एस.टी.ची वाट पाहत बसू नये.

दोन सावल्यांनी एवढे कळते, तर अनेक सावल्यांनी किती कळेल? सर्व बाजूंच्या प्रक्षेपांवरून मूळ वस्तू गणिताने उभी करता येते, हे योहान राडोन यांनी १९१७ सालीच दाखविले होते. १९७१ मध्ये इंग्लंडात रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र प्रथम निघाले. सी.टी. स्कॅन म्हणतात तो हाच. त्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांस १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीररचनाशास्त्रात इंग्रजीतील हाच शब्द हाडाच्या पुढे आलेल्या भागासही लावतात. कानामागे बोटास लागणारा टणक उंचवटा हे त्याचे उदाहरण. मराठीत त्यास प्रवर्ध म्हणावे, म्हणजे घोटाळा होत नाही. आतील अवयवाची जागा त्वचेवर दर्शविणे हा मात्र खराखुरा प्रक्षेप होय. हृदयाचे टोक डावीकडे पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत येते. डॉक्टर ठोके ऐकण्यास तेथे नळी ठेवतात, ती या अदृश्य नकाशाच्या आधारे.

पडद्यावरील प्रक्षेपाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० नंतरच्या दशकात काचेवर रंगविलेली चित्रे दिवा व भिंगांच्या साहाय्याने पडद्यावर टाकून पुराणकथा दाखवीत. या खेळाचे नाव शांबरिक खरोलिका. भिंगातून चित्र उलटे पडत असल्याने काच मुद्दाम उलटी बसवितात. आजच्या वर्गातील यंत्रात वेगळी काळजी घ्यावी लागते. यंत्र भिंतीकडे तिरपे ठेवले की चौकोनाची एक बाजू रुंद होते व वर्तुळ अंड्यासारखे दिसते. भूमितीचा पाठ अशा भिंतीवरून देऊ नये. आधी यंत्र समोरासमोर आणावे. मोबाईलच्या काचेवर मात्र चित्र जागच्या जागी उजळते; तेथे फेकणे मुळीच नाही.

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. तेथील तारांगणात घुमटावर आकाश उमटविले जाते. सहलीस आलेली मुले त्यात सप्तर्षी झटकन ओळखतात. वास्तविक त्यांतील मधले पाच तारे सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत. मरीची सुमारे १०० आणि क्रतू सुमारे १२० प्रकाशवर्षांवर. अंगणातून दिसणाऱ्या आकाशातही ते एकाच छतास टाचल्यासारखे वाटतात. परत येताना मुलांस एवढेच विचारावे, की क्रतूजवळच्या एखाद्या अंगणातून उरलेले सहा कसे दिसतील?