जमिनीत पैसा घालण्यापूर्वी मशवरा कोणाचा घ्यावा?

आपल्या घरांतली बचत शेवटी जागेकडेच वळते. कोकणातला तरुण कुवेत-दुबईत दहा वर्षे राबतो आणि महिनाभराच्या सुट्टीत गावी येऊन प्लॉट बघतो. भिवंडी-मालेगावातला कारागीर धंद्यातून थोडे थोडे बाजूला काढतो आणि फ्लॅट बुक करतो. शेअर बाजार कळत नाही, ठेवीवरचे व्याज नको, म्हणून जागा घ्यावी असा विचार होतो. त्यात गैर काही नाही. काळजी वाटते ती एवढी मोठी रक्कम ज्या भरवशावर दिली जाते त्याची. "मामूंनी सांगितले", "आपलाच माणूस आहे", "मस्जिदीत रोज भेटतो" एवढ्यावर आपण बयाणा देऊन मोकळे होतो.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कर्ज काढून घर घेणाऱ्याची कागदपत्रे बँकेचा वकील तपासतो. बँक ही तपासणी स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून करते, पण तिचा फायदा घेणाऱ्यालाही होतो. आपल्यापैकी अनेकजण व्याज टाळण्यासाठी कर्ज काढत नाहीत. त्यामुळे ही दुसरी नजरही त्यांच्या व्यवहारावर पडत नाही. ती आपणच उभी करावी लागते, आणि त्यासाठी माणसे जोडावी लागतात. एकच उस्ताद शोधत बसू नये. तीन वेगवेगळी माणसे हवीत.

पहिला माणूस म्हणजे आपल्याआधी या वाटेने गेलेला. ज्याने त्याच तालुक्यात, साधारण आपल्याएवढ्याच रकमेची जागा घेतली आहे, असा. "जागा कशी आहे?" असे त्याला विचारले तर "चांगली आहे" एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नेमके विचारावे: ताबा किती दिवसांनी मिळाला? ठरल्यापेक्षा जास्त खर्च कुठे झाला? आता विकायची म्हटली तर गिऱ्हाईक मिळते का? ज्याचे पैसे अडकले आहेत त्यालाही भेटावे. तो आपणहून बोलत नाही, कारण चारचौघांत लाज वाटते. पण घरी जाऊन अदबीने विचारले तर तो जे सांगतो ते कोणत्याही सेमिनारमध्ये मिळत नाही.

दुसरा माणूस कागद वाचणारा. हा आपला स्वतःचा वकील असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्यावा आणि त्याची फी आनंदाने द्यावी. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिले आहे का, 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचे नाव किंवा कर्जाचा बोजा आहे का, फेरफार कसे झाले, हे तो पाहतो. कोकणात एकेका सातबाऱ्यावर अनेक वारसांची नावे असतात. त्यांत लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतात, परदेशी स्थायिक झालेले भाऊ असतात. "त्या काही मागणार नाहीत" हे विकणाऱ्या भावाचे म्हणणे कागदावर चालत नाही. बहिणीचा हक्क शरीअतनेही दिला आहे आणि कायद्यानेही. तिच्या सहीशिवाय घेतलेल्या जमिनीत पुढे दावा उभा राहिला, तर तक्रार कोणाकडे करणार?

शेतजमिनीबाबत आणखी खबरदारी हवी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला घर किंवा दुकान घेता येते, पण शेतजमीन आणि फार्महाऊस रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. सुट्टीवर आलेल्याला हे कोणी सांगत नाही, कारण सांगितले तर सौदा मोडतो. नोटरी केलेल्या कागदावर गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीचेही तसेच आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

तिसरा माणूस त्या गावचा. निवृत्त तलाठी, जुना शिक्षक, शेजारच्या जमिनीचा मालक, सोसायटीचा सेक्रेटरी, यांपैकी कोणीही. पावसाळ्यात तिथे पाणी भरते का, वाट कोणाच्या शेतातून जाते, हद्दीवरून भांडण आहे का, हे कागदावर नसते. ते या माणसाकडून कळते. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

एजंटाला आम्ही या तिघांत धरलेले नाही. त्याचा उपयोग आहे. बाजारभाव त्याच्याइतका कोणाला माहीत नसतो. पण सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात, म्हणून 'घेऊ नका' असा सल्ला त्याच्याकडून अपेक्षित धरू नये. नोंदणीकृत गृहप्रकल्पातला एजंट महारेराकडे नोंदलेला असावा लागतो. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांकही महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. या प्रकल्पाला कोणत्या बँका कर्ज देतात, हेही विचारावे. आपल्याला कर्ज नको असले तरी त्या उत्तरातून बरेच कळते.

सर्वांत अवघड प्रश्न नात्यातल्या माणसाला विचारायचा असतो. "मामू, यात तुमचे काही आहे का?" असे विचारायला जीभ रेटत नाही. पण तो विचारायलाच हवा. मेहनत करून जागा दाखवणाऱ्याने दलाली घेणे चुकीचे नाही. दलाली लपवून सल्लागार म्हणून बोलणे हे मात्र अमानतीला धरून नाही. सरळ मनाचा माणूस या प्रश्नाने रागावत नाही, आकडा सांगून मोकळा होतो.

दोघा-तिघांनी मिळून जागा घ्यायची असेल तर ओळखीचा खरा कस तिथे लागतो. कोणाचे किती पैसे, खर्च कोणी करायचा, कधी विकायचे, एकाला मध्येच बाहेर पडायचे असेल किंवा एकाचा इंतकाल झाला तर काय, हे सारे आधी लिहून घ्यावे. सर्वांची नावे खरेदीखतात यावीत. देणेघेणे साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, आणि तो सख्ख्या भावांनाही लागू आहे. पैसे बँकेतूनच द्यावेत. मुखत्यारपत्र द्यावे लागलेच तर त्या एका व्यवहारापुरतेच द्यावे.

आता प्रश्न राहतो तो ही माणसे भेटतात कुठे याचा. गावोगावच्या जमाती, मुंबईतली आणि आखातातली गावकीची मंडळे, सोसायटीच्या सभा, जुम्याच्या नमाजनंतरच्या गाठीभेटी, लग्नकार्ये. स्त्रियांच्या ओळखीही कमी समजू नयेत. कोणत्या इमारतीत पाणी येत नाही हे तिथे राहणाऱ्या भाभीला बिल्डरपेक्षा चांगले ठाऊक असते. जाताना कागदाची प्रत घेऊन जावे, दोन-तीन नेमके प्रश्न विचारावेत, वेळ थोडा घ्यावा आणि पुढे काय झाले ते परत येऊन सांगावे. परत येऊन सांगणाऱ्याला लोक पुढच्या वेळी आपणहून बोलावतात. आणि उद्या कोणी आपल्या दारात सातबारा घेऊन उभा राहिला, तर त्यालाही तितकाच वेळ द्यावा.

सुट्टीच्या चार आठवड्यांत हे सगळे बसत नाही, हे खरे. म्हणून सुरुवात विमानात बसण्यापूर्वी करावी. सातबारा आता ऑनलाइन पाहता येतो, वकिलाला कागद पाठवता येतात, तिघांशी फोनवर बोलता येते. तेवढ्यात सुट्टी संपली तर बयाणा न देता परत जावे. "उद्याच दुसरा घेऊन जाईल" असे म्हणणारा विक्रेता पुढच्या वर्षीही भेटतो, आणि जागाही बहुतेक वेळा तिथेच असते.