फुप्फुसाचा कर्करोग : छाती न फाकवता होणारी शस्त्रक्रिया

खोकला महिनाभर हटत नाही, थुंकीत रक्त दिसते, आणि घरातले सारे हळूच एकच शब्द उच्चारतात : टी.बी. आपल्या वस्त्यांनी क्षयाचे इतके बळी पाहिले आहेत की दुसरी शंका मनात येतच नाही. कधी थुंकी न तपासताच, केवळ एक्स-रेवरील डागावरून गोळ्या सुरू होतात. महिने निघून जातात, आणि तो डाग कर्करोगाचा होता हे उशिरा कळते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

सेंट लुई येथे १९३३ साली डॉ. इव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला. स्वतः ग्रॅहम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले; ते बरीच वर्षे सिगारेट ओढीत असत. विडी ओढणाऱ्या बांधवांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. रोग सुरुवातीचा असेल तर गाठ असलेला खंड व जवळच्या लसिकाग्रंथी काढतात. जुन्या पद्धतीत लांब छेद घेऊन बरगड्या फाकवाव्या लागत. त्या वेदनेने रुग्ण खोल श्वास घेईना, कफ काढीना. मग न्यूमोनियाची भीती. १९९० नंतर दुर्बिणीची पद्धत रुळली. काही लहान छेद, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब हत्यारे. सर्जन पडद्याकडे पाहून काम करतो. त्या बाजूच्या फुप्फुसाची हवा तेवढ्यापुरती बंद ठेवून श्वास दुसऱ्यावर चालवतात. कापलेला भाग पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे कर्कपेशी जखमेत सांडत नाहीत.

"एवढ्याशा भोकातून रोग पुरता निघेल का?" असे पुष्कळजण विचारतात. आत काढायचे ते तितकेच काढतात. लहान असतो तो बाहेरचा छेद. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेला असलेल्या निवडक गाठींसाठी तर खंडाचा काही भाग काढणेही पुरते, असे २०२२ व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले. मात्र रक्तस्राव झाला तर छाती उघडावी लागते. पूर्वी क्षय झालेल्यांचे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असू शकते, तेव्हा तो आजार डॉक्टरांपासून लपवू नये.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयाच्या औषधाने उतार पडत नसेल तर सीटी स्कॅन व तुकड्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.