फ्रिजला हवी हवा!

रूट ठरला, गाणी भरली, कॅमेरा चार्ज झाला. पण आरव्हीतल्या फ्रिजचा विचार केलात का? अमेरिकेतल्या रणरणत्या जुलैमध्ये सगळी ट्रिप त्याच्यावर अवलंबून असते!

‘आमचा फ्रिज गॅसवर चालतो’ असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? ‘काहीपण हं!’ पण अमेरिकेत रस्तोरस्ती दिसणाऱ्या कितीतरी आरव्हींमध्ये खरोखरच असा फ्रिज असतो. मागच्या बाजूला निळी ज्योत पेटलेली आणि पुढच्या बाजूला श्रीखंड गारेगार. आहे की नाही गंमत?

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल. बेड, किचन, टॉयलेट, सगळं चाकांवर. बे एरियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हा प्रकार भलताच सोयीचा वाटतो, खास करून उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आई-बाबा आलेले असतात तेव्हा. हॉटेलचं जेवण तिसऱ्या दिवशी नको होतं, पहाटे सहाला चहा तर हवाच असतो. मग काय, आरव्ही भाड्याने घ्या, कुकर टाका आणि निघा!

माझा मामेभाऊ सॅन होजेला असतो. मी सुट्टीत त्याच्याकडे गेले होते, तेव्हा मामा-मामीही तिथेच होते. दादाने प्लॅन केला: सॅन होजेहून बेकर्सफिल्ड, तिथून मोहावीच्या वाळवंटातून नीडल्स, मग किंगमनवरून ग्रँड कॅनियन. एकदम सॉलिड रूट. फक्त एक गोष्ट वेगळी होती. मामांना डायबेटिस आहे. महिनाभर पुरतील एवढी इन्सुलिनची न उघडलेली पेन्स आमच्याबरोबर होती आणि ती ठेवायची जागा एकच, आरव्हीचा फ्रिज.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. त्याहून गरम नको आणि गोठलेलं तर अजिबातच नको, कारण एकदा गोठलं की ते फेकून द्यावं लागतं. म्हणून वहिनीने निघण्याआधीच फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, बारस्टो सोडून नीडल्सकडे जाताना तिने तो पाहिला. ५४ अंश फॅरनहाइट. म्हणजे १२ सेल्सिअस! बाहेर ४४.

वहिनीने शांतपणे पुढचं काम केलं. पेट्रोल पंपावरून बर्फाची पिशवी, आइसबॉक्स, बर्फ आणि पेन्सच्या मध्ये जाड टॉवेल आणि आत थर्मामीटर. मग फार्मासिस्टला फोन. त्याने सांगितलं की त्या पेन्सना ३० अंश सेल्सिअसच्या आत साधारण २८ दिवस चालतं. इन्सुलिनच्या प्रकाराप्रमाणे हे दिवस कमी-जास्त होतात, त्यामुळे डब्यातला कागद वाचा आणि विचारून घ्या. आमचा जीव भांड्यात पडला. पण पुढचे चार दिवस बर्फ विकत घेत फिरायचं का? ज्यांच्याकडून गाडी घेतली होती त्यांची हेल्पलाइन म्हणाली, ‘उन्हाळ्यात असंच होतं.’ दादा म्हणाला, ‘असंच का होतं, ते बघूया की!’ तो इंजिनीअर ना!

आगीतून गारवा

आपल्या घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो घरघर करतो आणि गॅस फिरवतो. आरव्हीतला पारंपरिक फ्रिज ‘अ‍ॅबसॉर्प्शन’ जातीचा. त्यात एकही हलणारा भाग नाही! स्टॉकहोममध्ये इंजिनीअरिंग शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स या दोन पोरांनी १९२२च्या सुमारास त्याचं डिझाइन केलं आणि १९२५मध्ये इलेक्ट्रोलक्सने असे फ्रिज बनवायला सुरुवात केली. या विषयाने आईनस्टाईनलाही भुरळ घातली होती बरं का! लिओ झिलार्डबरोबर त्याने अशाच बिनमोटरच्या फ्रिजचं अमेरिकन पेटंट १९३०मध्ये मिळवलं.

फंडा असा. सीलबंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. खाली ज्योत किंवा विजेचं कॉइल पाणी-अमोनियाचं मिश्रण तापवतं. अमोनियाची वाफ वर चढते, फ्रिजच्या मागे वरच्या बाजूला असलेल्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता हवेला देते आणि तिचं पाणी होतं, म्हणजे द्रवरूप अमोनिया. हा द्रव आत येऊन हायड्रोजनला भेटतो, पुन्हा उडून जातो आणि जाताना तुमच्या दुधा-दह्यातली उष्णता ओढून नेतो. मग खाली पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेतं आणि तेव्हाही उष्णता बाहेर पडते. चक्र चालू.

आता मुद्दा लक्षात आला? फ्रिज काही गारवा ‘बनवत’ नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या नळ्यांवर आणून ठेवतो. तिथून ती उचलायचं काम हवेचं. हवाच हलली नाही तर बिचारा फ्रिज काय करणार?

चिमणी चोंदली तर?

म्हणून आरव्हीच्या बाहेरच्या भिंतीवर, फ्रिजच्या मागे खाली एक जाळीचं झाकण असतं आणि वर, छतावर दुसरं. गार हवा खालून आत येते, नळ्यांवरून तापत तापत वर जाते आणि छतातून बाहेर पडते. अगदी गावच्या घरातल्या धुराड्यासारखं.

नीडल्सच्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी, फ्रिज बंद करून, दादाने खालचं झाकण उघडलं. आत वाळकी पानं, जाळीवर धुळीचा थर आणि एका कोपऱ्यात मातीचं बारकं घर. शेजारच्या साइटवर एक रिटायर्ड अमेरिकन आजोबा होते. वर्षातले आठ महिने ते आरव्हीतच राहतात. ते टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, ‘गांधीलमाश्या! गॅसचा वास त्यांना ओढतो. कोळीही येतात.’ बर्नरला हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं, असं त्यांनी बजावलं. पण मार्गातला कचरा आणि जाळी आम्ही ब्रशने साफ केली.

मग त्यांनी आम्हाला स्वतःच्या गाडीचं मागचं झाकण उघडून दाखवलं. खरी शिकवणी तिथे झाली. फ्रिजच्या नळ्या आणि गाडीची भिंत यांच्यात जागा जास्त असेल, तर हवा आळशीपणा करते. नळ्यांना न शिवता मोकळ्या जागेतून सरळ वर निघून जाते. म्हणून त्यांनी पत्र्याचा वाकवलेला तुकडा बसवला होता, हवेला नळ्यांच्या अंगावर ढकलणारा. हे अंतर इंचभराहून कमी असावं, असं त्यांचं सांगणं. तुमच्या मॉडेलसाठी नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. वर, कंडेन्सरखाली, कॉम्प्युटरमध्ये असतात तसले दोन १२ व्होल्टचे छोटे पंखे होते, वरच्या दिशेने हवा फेकणारे. सोबत एक थर्मोस्टॅट स्विच. नळ्या तापल्या की पंखे आपोआप सुरू, गार झाल्या की बंद. बॅटरी फारशी खात नाहीत.

काही आरव्हींमध्ये फ्रिज बाहेर सरकणाऱ्या भागात, म्हणजे स्लाइड-आउटमध्ये असतो. तिथे छतावर भोक पाडता येत नाही, वरची जाळीही भिंतीतच असते. मग हवेचा ओढा कमी पडतो. अशा गाडीला पंखे जवळपास हवेतच!

अर्थात आमची गाडी भाड्याची. तिच्यात पंखे बसवायचा प्रश्नच नव्हता. पण गाडी वळवता तर येते! आमच्या साइटवर फ्रिजची बाजू पश्चिमेला होती, मावळतीचं सगळं ऊन थेट त्या जाळीवर. दादाने गाडी फिरवून लावली. शिवाय ती एका बाजूला कललेली होती, म्हणून चाकाखाली लेव्हलिंग ब्लॉक घातले. गाडी तिरकी असली की नळ्यांमधला द्रव नीट परत वाहत नाही, एकाच जागी साचून तापतो आणि जास्त वेळ तसं चाललं तर फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो. रस्त्यावर धावताना गाडी सतत हलत असते, तेव्हा चालतं. तिरकं पार्किंग मात्र नको.

आणि मामींचा पेपर

आता आतली गोष्ट. फ्रिज उघडला तर आत जागा म्हणून नव्हती. कोथिंबीर, दोन गॅलन दूध, इडलीचं पीठ, भाज्यांचे डबे. आणि प्रत्येक जाळीवर मामींनी छान घडी घालून पेपर अंथरलेला, घरी अंथरतात तसा!

आजोबांनी आत डोकावून विचारलं, ‘हे काय?’ मामी म्हणाल्या, ‘त्यांना सांग गं, डाग पडू नयेत म्हणून.’

आरव्हीच्या या फ्रिजमध्ये साधारणपणे आत पंखा नसतो. वरती मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांना फिन्स म्हणतात. त्यांना लागून हवा गार होते, जड होते आणि जाळ्यांमधून खाली उतरते. पेपर अंथरला की तिची वाटच बंद. म्हणूनच आमच्याकडे फिन्सला टेकलेली काकडी काचेसारखी गोठलेली होती आणि खालच्या कप्प्यातलं दूध कोमट. इन्सुलिनसाठी दोन्ही जागा वाईट!

मामी आधी जरा खट्टू झाल्या. मग स्वतःच पदर खोचून सगळा फ्रिज रिकामा केला. पेपर गेले, डब्यांमध्ये बोटभर फट आली, निम्मी भाजी त्याच रात्री पावभाजीत गेली. आजोबांनाही प्लेट गेली, ते सांगायला नकोच. बदल्यात त्यांनी आम्हाला त्यांचा जादा असलेला बॅटरीवरचा छोटा पंखा दिला. तो जाळीवर, फिन्ससमोर ठेवायचा. आतली हवा फिरत राहते आणि वरच्या-खालच्या कप्प्यांतला फरक कमी होतो.

रात्री कॅम्पग्राउंडच्या विजेवर फ्रिज चालू ठेवला. सकाळी सहाला मामा सगळ्यात आधी उठले आणि थर्मामीटर घेऊन चहाच्या टेबलावर आले. ३९ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ सेल्सिअस! ‘चला, माझं औषध त्याच्या घरी जाऊ दे,’ एवढंच म्हणाले. पेन्स मधल्या जाळीवर, फिन्सपासून लांब, थर्मामीटरच्या शेजारी गेली. दुपारी किंगमनच्या पुढे आकडा ४२वर चढला, पण त्याच्यावर नाही.

ग्रँड कॅनियनचा साऊथ रिम साधारण ७००० फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे गॅसची ज्योत कधीकधी नीट जळत नाही. अनेक मॅन्युअलमध्ये ५५०० फुटांच्या वर वीज वापरा, असा सल्ला असतो. तिथल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आरव्हीला वीज मिळते, म्हणून मुक्काम तिथेच केला. मामांनी कॅनियनचा सूर्योदय पाहिला, तोही बर्फाची चिंता न करता.

कूल टिप्स

* फ्रिज निघण्याच्या आदल्या दिवशीच चालू करा. याला गार व्हायला रात्रभर तरी लागते, शक्यतो २४ तास द्या. गाडी आदल्या रात्री मिळते का, ते बुकिंग करतानाच विचारा.
* सामान घरच्या फ्रिजमध्ये गार करूनच आत ठेवा. गरम भाजीचा डबा तर मुळीच नको.
* फ्रिज गच्च भरू नका. जाळीवर पेपर, प्लास्टिक, फॉइल काही नको.
* थर्मामीटर हवाच. खाण्यासाठी ४० फॅरनहाइट म्हणजे ४ सेल्सिअसच्या आत. नाशवंत पदार्थ त्याच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर टाकून द्या. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर उघड्यावर एकच तास.
* दाराच्या रबरात नोट अडकवून दार लावा. नोट अलगद निघून आली तर रबर सैल आहे.
* फिन्सवर बर्फाचा थर साचला तर फ्रिज बंद करून वितळू द्या. चाकू-स्क्रू ड्रायव्हर नको!
* पेट्रोल भरताना गॅसची ज्योत बंद. नो एक्स्क्यूज.
* फ्रिजमागे अमोनियाचा उग्र वास किंवा पिवळे डाग दिसले तर लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मेकॅनिकला बोलवा.

गेल्या काही वर्षांत अनेक नव्या आरव्हींमध्ये १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येऊ लागलेत. ते लवकर गार होतात, तिरकेपणाचे नखरेही कमी. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्या तुम्हीही अशी गाडी घेऊन कोकणात निघालात तर आश्चर्य नको. फ्रिज कुठलाही असो, आतली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेलाच द्यायची असते. आज घरी गेलात की तुमचा फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय का, तेवढं बघा. चिकटलेला असेल तर थोडा पुढे ओढा. श्वास घेऊ दे त्यालाही!