नराला बोलावणारा वास : अमेरिकेतील हरीण आणि आपल्या उसातील पतंग



खोडकिडीसाठी कामगंध सापळे लावणाऱ्या सभासदांचे दोन प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. पहिला असा, की सापळ्यात पतंग तर पडतात, मग पोंगे का मरतात? दुसरा जरा रागाने विचारलेला असतो. "साहेब, माझं रान दीड एकराचं. माझ्या पैशानं मी सापळा लावायचा आणि सगळ्या शिवारातले पतंग माझ्याच उसात बोलवायचे, हा कुठला व्यवहार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या उत्तरासाठी आम्ही या अंकात जरा लांबून वळसा घेणार आहोत. अमेरिकेत लहान जमिनीचे मालक शिकारीसाठी हरणाच्या नराला आपल्या तुकड्यात कसे बोलावतात, ते आधी पाहू. तेथेही वास नकली, येणारा नर आणि जमीन थोडी. म्हणून ही हकिकत आपल्या कामाची आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा कोणी हा लेख वाचून बांधावर प्रयोग करू नयेत! अमेरिकेत प्रत्येक राज्य परवाना देऊन, हंगाम ठरवून ही शिकार करू देते. पांढऱ्या शेपटीचे हरीण तेथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार कमी उरले होते. कायदे कडक केल्यावर ते इतके वाढले, की आज ते मका आणि सोयाबीनची नासाडी करते, आणि तिकडचा शेतकरी आपल्या रानडुकराबद्दल बोलावे तसा त्याच्याबद्दल बोलतो.

आता या हरणाचा स्वभाव पाहा. ऑक्टोबर लागला, की नराला माज येऊ लागतो. उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबरच्या मध्याला माजाचा भर असतो. त्या दिवसांत नर रानाच्या कडेला एखादी खाली झुकलेली फांदी गाठतो. ती चावतो, चाटतो, डोळ्याच्या कोपऱ्यातील आणि कपाळावरील ग्रंथी तिच्यावर घासतो. मग फांदीखालचा पालापाचोळा पुढच्या खुरांनी उकरून दोन-तीन फूट जमीन उघडी करतो, तीत उभा राहतो, मागचे दोन्ही पाय जवळ घेतो आणि पायांच्या सांध्यावरील केसाळ ग्रंथीवरून मूत्र सोडतो. या उकरलेल्या जागेला तिकडे 'स्क्रेप' म्हणतात. दुसरा नर येतो, हुंगतो, आपलीही खूण ठेवून जातो. माद्याही फांदीला तोंड लावून जातात. चावडीवरच्या फळ्यासारखाच हा प्रकार. येणारा-जाणारा वाचतो आणि आपलेही दोन शब्द लिहून जातो.

आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. वळू गाईचे मूत हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ मुरडतो, ते आपण लहानपणापासून पाहिले आहे. हे हरीणही तसेच करते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात काळवीट पाहायला जाल, तर एकाच जागी लेंड्यांचे ढीग दिसतील. ती नराने आखलेली हद्द. काळवीटही डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वास काडीला, झुडपाला लावून ठेवतो. (काळवीट आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण यांचे कूळ मात्र वेगळे. काळविटाची शिंगे कायमची, त्या हरणाची दरवर्षी गळून नवी येतात, आपल्या चितळ-सांबरासारखी.)

नराची ही सवय ओळखून शिकारी माणसाने नकली स्क्रेप काढला. सोपे काम आहे. हरणांच्या पायवाटेजवळ, चाऱ्याच्या तुकड्याच्या कडेला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर झुकलेली फांदी निवडायची. फांदी नसली तर खांब रोवून त्याला फांदी किंवा जाड दोर बांधायचा. खाली दाताळ्याने पाला ओढून माती मोकळी करायची. कोणी त्यावर बाटलीतले हरणाचे मूत्र शिंपडतात, कोणी नुसत्या फांदीवर भागवतात, कारण एकदा हरणे येऊ लागली की पुढचा वास ती स्वतःच आणतात. हातात रबरी मोजे आणि पायात रबरी बूट घालतात, म्हणजे माणसाचा वास मागे राहत नाही. बसायची जागा अशी निवडतात, की वारा हरणाकडून माणसाकडे यावा.

एवढे करून वीस-पंचवीस एकरांच्या मालकाला मिळते काय? मोठ्या नराचा वावर सहाशे-सातशे एकरांत सहज असतो आणि माजाच्या दिवसांत तो त्याहूनही लांब भटकतो. नकली स्क्रेप त्याला दुसऱ्या गावाहून ओढून आणत नाही. जो नर तसाही त्या तुकड्यातून जाणार होता, तो मालकाने ठरवलेल्या जागी दोन मिनिटे थांबतो, एवढाच त्याचा उपयोग. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी खऱ्या स्क्रेपवर कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा नरांच्या बहुतेक भेटी रात्रीच्या निघाल्या आणि एकाच जागेवर अनेक नर येत असल्याचे दिसले. रात्री शिकारीला परवानगी नसते. म्हणून जाणता माणूस तेथे कॅमेरा बांधतो आणि कोण आले, कधी आले याची नोंद ठेवतो.

खरी अडचण शेजाऱ्याची. आपण कोवळा नर सोडून द्यावा, त्याला वाढू द्यावे, आणि त्याने कुंपण ओलांडताच शेजाऱ्याने तो मारावा, असे वर्षानुवर्षे चालले. मग मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत लहान जमिनींचे मालक एकत्र आले. कोणता नर मारायचा, कोणता सोडायचा, माद्या किती कमी करायच्या, हे मिळून ठरवू लागले. त्या गटांना ते काय म्हणतात ठाऊक आहे? को-ऑपरेटिव्ह. ज्या देशाला आपण खाजगी मालकीचे माहेरघर समजतो, तेथे हरणासाठीदेखील सहकार करावा लागला, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

बाटलीतल्या मुत्राचीही एक कथा आहे. १९६७ साली कोलोराडो राज्यात हरणांना अंग झडून मरण्याचा एक रोग प्रथम दिसला. तो लाळेतून, मुत्रातून, विष्ठेतून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. बाहेरून विकत आणलेल्या मुत्राबरोबर रोगही यायचा, या भीतीने अनेक राज्यांनी खरे मूत्र वापरायला बंदी घातली. आता तेथील बरेच लोक कृत्रिम वास वापरतात, नाहीतर नुसती फांदी.

आता आपल्या उसात येऊ. खोडकिडीची मादी रात्री वास सोडते आणि नर त्या वासावर येतो. सापळ्यातील गोळी म्हणजे या वासाची नक्कल. कीटकाच्या मादीचा असा वास पहिल्यांदा ओळखला तो जर्मनीच्या बुटेनान्ट या शास्त्रज्ञाने, १९५९ साली. त्यासाठी त्यांना रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्या लागल्या. आज तीच विद्या चिमूटभर रबरात मिळते.

म्हणजे सापळ्यात पडतात ते सगळे नर. नर अंडी घालत नाही, आणि पतंग ऊस खात नाही. पोंगा पोखरते ती अळी. तेव्हा सापळ्याने शेजारचे नर आपल्या रानात आले, तरी त्यांनी आपले काही बिघडवलेले नसते. रागावलेल्या सभासदाला हे आमचे उत्तर. आता पोंगे का मरतात? एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे चार नर सुटले तरी काम भागते. शिवाय शेजारच्या फडात फळलेली मादी उडून आपल्या उसात येते. तिला सापळ्याचा वास ओढतही नाही आणि अडवतही नाही. दीड एकरात एकट्याने लावलेला सापळा तिच्यापुढे काय करणार?

पण तोच सापळा कीड कधी आली हे सांगतो, आणि हे सांगणे फार मोलाचे आहे. सुरू लागणीच्या उसात फेब्रुवारी ते मे या उन्हाच्या दिवसांत रोज सकाळी सापळा पाहा, पडलेले पतंग मोजा, वहीत लिहा आणि मोजलेले काढून टाका. आकडा चढू लागला, की अंडी पडायला लागली असे समजा. ट्रायकोकार्ड लावायची वेळ हीच. कार्डातील बारीक गांधीलमाशी किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अळी पोंग्यात शिरल्यावर ती काही करू शकत नाही. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला सकाळी किंवा संध्याकाळी टाचा आणि त्यानंतर काही दिवस औषध फवारू नका, नाहीतर किडीऐवजी गांधीलमाशीच मरायची. बाळबांधणीही वेळेवर करा. बुडाला माती लागली, की अळीला शिरायला जागा कमी राहते.

गोळी हाताळताना त्या शिकाऱ्यांचा रबरी मोजा आठवावा. तंबाखू मळलेल्या किंवा औषधाने भरलेल्या हाताने गोळी धरू नका. रिकामे पाकीट रानात टाकू नका, तेही वास सोडते. खोडकिडीची आणि कांडी किडीची गोळी वेगवेगळी असते. दोन्ही एका सापळ्यात घालू नका. ऊस वाढेल तसा सापळा वर सरकवा आणि पाकिटावरची मुदत संपली, की गोळी बदला.

हेक्टरी पाच सापळे हे प्रमाण ठेवून सलग शिवार धरले, तर खर्च वाटला जातो आणि फळलेल्या माद्याही कमी होतात. ज्या शिवारातील सभासद बांधाला बांध लागून एकत्र यायला तयार असतील, त्यांनी गट नंबर आणि लागणीची तारीख आपल्या चिटबॉयकडे लिहून द्यावी. रोजचे आकडे लिहायला घरातील शाळकरी मुलाला सांगितले तरी चालेल. मोठ्यांपेक्षा ती नीट मोजतात, असा आमचा अनुभव आहे.